किमान भाडे म्हणजे आंतरछेद नव्हे

अकरावीच्या वर्गात सरळ रेषेचा धडा सुरू झाला की चौथ्या-पाचव्या तासापर्यंत बहुतेक वह्यांच्या शेवटच्या पानावर एक चौकट तयार झालेली असते. तिच्यात एकाखाली एक सहा सूत्रे असतात, शेजारी त्यांची नावे असतात (पॉइंट-स्लोप, स्लोप-इंटरसेप्ट, टू-पॉइंट, डबल इंटरसेप्ट, नॉर्मल, जनरल), आणि एखाद्या मेहनती मुलीने प्रत्येक नाव वेगळ्या रंगाच्या पेनाने अधोरेखितही केलेले असते. ती चौकट पाहिली की मला थोडे अपराधी वाटते, कारण सहा स्वतंत्र गोष्टी पाठ करायच्या आहेत हा समज तिच्यामुळेच पक्का होतो, आणि कित्येक वर्षे ती चौकट मीच फळ्यावर काढून देत होते. ते बंद झाले एका रिक्षाच्या दरपत्रकामुळे.

त्याआधी चिन्हांविषयी एक खुलासा करते. वर्गात आमचे पुस्तक इंग्रजी असल्यामुळे एक्स आणि वाय चालतात. येथे मात्र मी आडव्या अंतरासाठी क्ष, उभ्या अंतरासाठी य, रेषेच्या चढासाठी म आणि य-अक्षावरच्या आंतरछेदासाठी, म्हणजे रेषा य-अक्षाला जेथे मिळते त्या उंचीसाठी, क लिहिणार आहे. इंटरसेप्टला नुसते 'छेद' म्हणणे मला आवडले असते, पण मराठीत अपूर्णांकाच्या खालच्या संख्येलाही छेदच म्हणतात आणि या धड्यात तो दुसरा छेद शून्य होऊन फार त्रास देतो, म्हणून आंतरछेद हा थोडा जड शब्द पत्करला आहे. अक्षरांचे तसे फार मनावर घेऊ नये. अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा व्हिडिओ कॉलवर 'मावशी, आमच्याकडे सी नसतो, बी असतो' अशी तक्रार केली होती. स्वीडनमधली मुले तर चढासाठी के वापरतात आणि आपण ज्या एमने चढ दाखवतो त्याच एमने ती आंतरछेद दाखवतात.

आता दरपत्रकाची हकिकत. य = मक्ष + क हे रूप शिकवताना मी नेहमी रिक्षाचे उदाहरण घेत असे. रिक्षात बसल्याबरोबर जे किमान भाडे लागू होते ते क, पुढे दर किलोमीटरला जेवढे वाढते ते म. मुलांना पटते, चित्र सोपे निघते आणि तास वेळेत संपतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले आणि पुढच्या किलोमीटरचा दर १७ रुपये १४ पैसे, तेव्हा मी उदाहरणातले आकडे ताजे केले, फळ्यावर य = १७.१४क्ष + २६ असे लिहिले आणि १० किलोमीटरचे भाडे काढायला सांगितले. वर्गाने एकमुखाने १९७ रुपये ४० पैसे असे उत्तर दिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तासभर खिडकीबाहेर पाहत असतो, तो उठून म्हणाला, "मॅडम, एवढे मागितले तर गिऱ्हाईक भांडायला उठेल." त्याचे वडील रिक्षा चालवतात. त्याने शांतपणे सांगितले की २६ रुपये हे नुसते बसण्याचे पैसे नसतात, त्यात पहिला दीड किलोमीटर आलेला असतो. आणि दुसऱ्या दिवशी वडिलांकडच्या दरपत्रकाचा फोटो मोबाइलवर दाखवला.

मुलाचे म्हणणे बरोबर होते आणि माझे समीकरण चूक होते. दहातले दीड किलोमीटर २६ रुपयांत गेल्यावर उरतात साडेआठ, त्यांचे १४५ रुपये ६९ पैसे, म्हणजे एकूण १७१ रुपये ६९ पैसे. माझ्या उत्तरात २५ रुपये ७१ पैसे जास्त होते. (मीटर प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने सरकतो आणि रक्कम पूर्ण रुपयांत घेतली जाते, त्यामुळे काटेकोर आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होईल, तो तपशील येथे सोडून देते.) मला लागलेली माहिती मुळात 'आंतरछेद आणि चढ' अशी नव्हतीच. मला माहीत होता एक बिंदू, म्हणजे दीड किलोमीटरला २६ रुपये, आणि माहीत होता एक चढ. अशा माहितीसाठी जे रूप आहे ते बिंदू-चढ रूप, आणि ते लिहिले असते तर चूक झालीच नसती:

य − २६ = १७.१४(क्ष − १.५)

या समीकरणातला प्रत्येक आकडा दरपत्रकातून जसाच्या तसा उचललेला आहे. डावीकडे 'किमान भाड्याच्या वर किती' आहे, उजवीकडे 'दीड किलोमीटरच्या पुढे किती' आहे, आणि दोहोंच्या मध्ये दर आहे. रिक्षावाला मनातल्या मनात नेमका हाच हिशोब करतो. मग मी त्याच तासाला कंस सोडवायला सांगितला, तेव्हा य = १७.१४क्ष + ०.२९ असे आले. आंतरछेद २९ पैसे! वर्ग क्षणभर गप्प झाला, कारण ज्याला आम्ही २६ समजत होतो तो पाव रुपयाच्या आसपास निघाला. जरा विचार केल्यावर कारणही सापडले: १७.१४ ला दीडने गुणले की २५.७१ येतात, आणि २६ हा त्याचाच पूर्ण रुपयांत केलेला आकडा आहे. टॅक्सीचे पाहिले तर तेथे किमान भाडे ३१ आणि दर २०.६६, म्हणजे दीडपट ३०.९९ आणि आंतरछेद एक पैसा. त्याआधीच्या रिक्षाच्या दरांतही २३ रुपये आणि १५.३३ यांचे हेच नाते होते. थोडक्यात, भाड्याची तिरपी रेषा जवळजवळ आरंभबिंदूतूनच निघालेली आहे, फक्त पहिल्या दीड किलोमीटरात तिच्यावर एक आडवी फळी ठेवलेली आहे, जेणेकरून चार पावलांच्या प्रवाशालाही २६ रुपये द्यावे लागतील. इतकी वर्षे ती आडवी फळी मी आंतरछेद म्हणून शिकवत होते.

तेव्हापासून मी पहिल्या तासाला सूत्र सांगतच नाही, चढ सांगते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना दहावीतच 'रेषेचा चढ' भेटलेला असतो आणि माझ्या मते स्लोपपेक्षा हा शब्द कितीतरी चांगला आहे, कारण तो पायांना कळतो. भोर घाटातल्या रेल्वेमार्गाचा सर्वांत कडक चढ सदतीसाला एक आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जावे तेव्हा गाडी १ मीटर उंच जाते. तेथे म = १/३७, दशांशात सुमारे ०.०२७, आणि कोन जेमतेम दीड अंश. एवढ्या चढासाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडावी लागतात, हे मुंबई-पुणे प्रवास केलेल्या कोणालाही माहीत असते; तरी फळ्यावर आम्ही म = २ घेऊन ६३ अंशांची रेषा सहज काढतो आणि तिला कोणी हरकत घेत नाही.

घाटाचे उदाहरण आणखी एका जागी कामाला येते. कर्जतहून जो चढ तोच लोणावळ्याहून उतार, मग रेषेचा चढ धन म्हणायचा की ऋण? भूमितीत वाचन डावीकडून उजवीकडे ठरलेले आहे. चढ म्हणजे दोन बिंदूंच्या य-किमतींची वजाबाकी भागिले क्ष-किमतींची वजाबाकी, आणि गंमत अशी की बिंदू कोणत्याही क्रमाने घेतले तरी उत्तर बदलत नाही, कारण वरची वजाबाकी आणि खालची वजाबाकी दोन्ही एकदमच चिन्ह बदलतात. चूक होते ती वरच्या वजाबाकीत एक क्रम आणि खालच्या वजाबाकीत दुसरा क्रम घेतल्यामुळे. तपासलेल्या पेपरांत चढाची जी चुकलेली उत्तरे दिसतात त्यांतली बरीचशी आकड्याने बरोबर आणि चिन्हाने उलट असतात, ती यामुळेच.

सरळ रेषेचे सरळपण कशात आहे, तर तिच्यावरचे कोणतेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच येण्यात. एवढे एक वाक्य मान्य केले की चौकटीतली बहुतेक सूत्रे आपोआप निघतात. एक बिंदू ठरलेला, दुसरा फिरता, आणि त्यांच्यातला चढ म: हे बिंदू-चढ रूप. चढ दिलेला नसेल पण दोन बिंदू दिलेले असतील, तर चढ त्यांच्यावरूनच काढून तेथे ठेवायचा: हे द्विबिंदू रूप. ठरलेला बिंदू य-अक्षावर असेल तर य = मक्ष + क, याला वेगळे सूत्र म्हणणेही खरे तर जास्त आहे.

ठरलेला बिंदू कोणता घ्यायचा हे मात्र आपल्या हातात असते, आणि रूपांची खरी उपयुक्तता तेथे कळते. सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांच्यातली रेषा घ्या. पाणी गोठते तेथे ० आणि ३२, उकळते तेथे १०० आणि २१२; दोन बिंदू मिळाले, चढ १८० भागिले १००, म्हणजे ९/५, आणि पुस्तकातले फ = (९/५)स + ३२ तयार झाले. हे आंतरछेदाचे रूप आहे आणि ते गोठणबिंदूपाशी उभे राहून जगाकडे पाहते. पण आमच्या घरात रात्री दोन वाजता मुलाला ताप भरतो तेव्हा गोठणबिंदूशी कोणाचाच संबंध नसतो. घरातला नवा थर्मामीटर सेल्सिअसमध्ये ३९ दाखवतो आणि सासूबाई विचारतात, "म्हणजे शंभराच्या वर किती?" अशा वेळी ३९ ला नऊने गुणून, पाचाने भागून, ३२ मिळवणे झोपेत जमत नाही. निरोगी शरीराचा म्हणून धरला जाणारा ३७ आणि ९८.६ हा बिंदूही त्याच रेषेवर आहे, म्हणून तेथून सुरुवात करायची:

फ − ९८.६ = १.८(स − ३७)

३९ म्हणजे दोन अंश वर, दोन वेळा १.८ म्हणजे ३.६, आणि ९८.६ मध्ये मिळवले की १०२.२. रेषा तीच, चढ तोच, फक्त उभे राहण्याची जागा बदलली आणि हिशोब बोटांवर आला. दोन्ही समीकरणे सोडवून पाहिली तर एकच निघतात, हे मुलांना करून पाहायला लावते. पण ती एकच असूनही कामाला सारखी नाहीत, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

इतिहासाकडे पाहिले तरी हीच गंमत दिसते. दोन अज्ञातांचे पहिल्या घाताचे समीकरण सरळ रेषा दर्शवते, हे फ्रान्समधल्या पिएर द फर्माने सतराव्या शतकात लिहून ठेवले होते. त्याचा तो ग्रंथ तो वारल्यानंतर, १६७९ मध्ये छापला गेला. पण आज आपण पहिल्याच आठवड्यात शिकवतो ते बिंदू-चढ रूप स्पष्टपणे मांडलेले दिसते ते फ्रेंच गणिती गास्पार मोंज याच्या लिखाणात, म्हणजे आणखी शंभर वर्षांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. रेषेचे समीकरण माहीत असणे वेगळे आणि हाताशी असलेल्या माहितीवरून ते लगेच लिहिता येणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला एवढा वेळ लागला असेल, तर आमच्या मुलांना दोन आठवडे लागले म्हणून चिडण्यात अर्थ नाही.

चौकटीतले चौथे रूप, द्विछेद रूप, मुलांना निरुपयोगी वाटते. क्ष/अ + य/ब = १, येथे रेषा क्ष-अक्षाला अ अंतरावर आणि य-अक्षाला ब अंतरावर छेदते. उजवीकडे १ का, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारते आणि 'सूत्र तसे आहे' हे उत्तर मी स्वतःच्या विद्यार्थिदशेत ऐकलेले आहे. खरे उत्तर किराणा दुकानात मिळते. समजा, खिशात १२०० रुपये आहेत, तूरडाळ १५० रुपये किलो आहे आणि तांदूळ ६० रुपये किलो. क्ष किलो डाळ आणि य किलो तांदूळ घेऊन सगळे पैसे संपवायचे असतील तर १५०क्ष + ६०य = १२००. हे सामान्य रूप झाले आणि ते दुकानदाराच्या बिलासारखे आहे: भाव गुणिले वजन, अधिक भाव गुणिले वजन, बरोबर एकूण. आता दोन्ही बाजूंना १२०० ने भागले तर

क्ष/८ + य/२० = १

असे येते. सगळ्या पैशांची डाळच घेतली तर ८ किलो येते आणि सगळ्यांचा तांदूळच घेतला तर २० किलो, म्हणून क्ष/८ म्हणजे पैशांचा जो हिस्सा डाळीवर गेला तो आणि य/२० म्हणजे जो तांदळावर गेला तो. हिस्से मिळून पूर्ण पैसे होतात, म्हणून उजवीकडे १. दोन किलो डाळ घेतली तर पाव हिस्सा गेला, उरलेल्या पाऊण हिश्श्याचा तांदूळ १५ किलो. पाटी-पेन्सिल लागत नाही. आणि हेच समीकरण य = −२.५क्ष + २० असे लिहिले तर तिसराच प्रश्न सुटतो: एक किलो डाळ जास्त घ्यायची तर अडीच किलो तांदळावर पाणी सोडावे लागते. बिल कोणते, हिस्से कोणते आणि अदलाबदलीचा दर कोणता, या तिन्ही गोष्टी एकाच रेषेत आहेत. प्रत्येक रूप त्यांतली एकच गोष्ट पुढे आणते आणि बाकीच्या दोन मागे ठेवते.

चौकटीतल्या पाचव्या, म्हणजे अभिलंब (नॉर्मल) रूपाला मात्र किराण्याचे उदाहरण नाही. त्यासाठी मी अंगणातला पत्रा घेते. भिंतीला १० फुटी पत्रा तिरपा टेकवला, त्याचे खालचे टोक भिंतीपासून ८ फुटांवर आहे आणि वरचे टोक ६ फुटांवर टेकले आहे. भिंत हा य-अक्ष, जमीन हा क्ष-अक्ष. द्विछेद रूपाने क्ष/८ + य/६ = १, म्हणजे ३क्ष + ४य = २४. आता भिंत आणि जमीन जेथे मिळतात त्या कोपऱ्यापासून पत्रा किती दूर आहे? कोणी ८ सांगते, कोणी ६ सांगते, पण अंतर म्हणजे लंबाने मोजलेले अंतर, आणि ते या समीकरणात दिसत नाही. ३ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज २५, तिचे मूळ ५. सगळे ५ ने भागले की

(३/५)क्ष + (४/५)य = ४.८

आणि कोपरा पत्र्यापासून ४.८ फुटांवर आहे हे उजवीकडे लिहून आले. पडताळा क्षेत्रफळाने होतो: कोपऱ्यातल्या काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ ८ गुणिले ६ च्या निम्मे, म्हणजे २४, तेच १० फुटी पत्रा पाया धरून काढले तर १० गुणिले उंचीच्या निम्मे, म्हणून उंची ४.८. येथे ३/५ आणि ४/५ या कोपऱ्यापासून पत्र्यावर टाकलेल्या लंबाच्या दिशेच्या कोसाइन आणि साइन किमती आहेत, म्हणूनच पुस्तकात हे रूप क्ष कोसाइन थीटा + य साइन थीटा = प असे येते (थीटा हा त्या लंबाचा कोन, प हे लंबाने मोजलेले अंतर) आणि मुले त्याला पाहताच घाबरतात. त्रिकोणमिती मध्येच कशाला आली, असा त्यांचा चेहरा असतो. हे रूप एकोणिसाव्या शतकातला जर्मन गणिती ओटो हेसे याच्या नावाने ओळखले जाते, आणि परीक्षेत त्यावरचा प्रश्न पर्यायात सोडून दिला जातो.

मीही सोडून दिला होता. माझ्या अकरावीच्या वार्षिक परीक्षेतली आठवण मात्र दुसऱ्या प्रश्नाची आहे. (३, −२) आणि (३, ५) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढा, दोन गुण. मला सूत्रांची चौकट तोंडपाठ होती. चढ काढायला घेतला: वर ७, खाली ३ वजा ३, शून्य. सात भागिले शून्य. हातात पाच मिनिटे होती, काहीतरी लिहायला हवे होते, म्हणून ७/० = ० असे लिहिले आणि त्यावरून य = −२ असे उत्तर दिले. म्हणजे उभ्या रेषेला मी आडवी पाडली, आणि वर ती दुसऱ्या बिंदूतून जात नाही हे पाहिलेसुद्धा नाही. कागदावर दोन बिंदू ठिपक्यांनी मांडले असते तरी उभी रेषा डोळ्यांसमोर आली असती. पण सूत्र असताना चित्र काढणे त्या वेळी कमीपणाचे वाटायचे.

उभ्या रेषेला चढ नसतो, म्हणून म मागणाऱ्या कोणत्याही रूपात ती बसत नाही. द्विबिंदू रूप भागाकाराने लिहिले तर तेही अडते. पण तेच रूप तिरकस गुणाकार करून लिहिले तर अडत नाही: (य + २) गुणिले (३ − ३) बरोबर ७ गुणिले (क्ष − ३). डावी बाजू शून्य झाली, उजवीकडे ७(क्ष − ३) = ० उरले, म्हणजे क्ष = ३. भागायचे नाही, गुणायचे, एवढ्या एका सवयीने माझे दोन गुण वाचले असते. सामान्य रूपालाही उभ्या रेषेचे वावडे नाही; अ·क्ष + ब·य + ग = ० मध्ये (अ, ब, ग हे ठरलेले आकडे) ब शून्य असला तरी बिघडत नाही, फक्त अ आणि ब दोन्ही एकदम शून्य नकोत. म्हणूनच वर्गात उत्तर कोणत्याही रूपाने काढा, शेवटी सामान्य रूपात लिहा, असा आमच्याकडे आग्रह असतो. तो आग्रह मला अर्धाच पटतो. रिक्षाचे भाडे १७.१४क्ष − य + ०.२९ = ० असे लिहून कोणाला काय कळणार?

राहिली गोष्ट अभिलंब रूपाची. हे रूप परीक्षेबाहेर कोठे लागते, असे मला एका मुलीने विचारले होते आणि त्या दिवशी मी पत्र्यापलीकडे काही सांगू शकले नाही. नंतर एका माजी विद्यार्थ्याने, जो आता छायाचित्रांतून संगणकाला वस्तू ओळखायला शिकवण्याचे काम करतो, त्याने सांगितले ते असे. चित्रात विखुरलेल्या हजारो ठिपक्यांतून सरळ रेषा शोधण्याची एक युक्ती अमेरिकेत पॉल हफ यांच्या नावाने १९६२ मध्ये पेटंट झाली; बबल चेंबरमधल्या, म्हणजे ज्या द्रवाच्या टाकीत सूक्ष्म कण बुडबुड्यांचा माग सोडतात तिच्यातल्या, कणांच्या वाटा छायाचित्रांतून ओळखणे हा तिचा उद्देश होता. युक्ती अशी की प्रत्येक ठिपक्याला विचारायचे, तुझ्यातून कोणकोणत्या रेषा जाऊ शकतात? ठिपका (२, ५) असेल तर ५ = २म + क, म्हणजे क = ५ − २म; म आणि क यांच्या वेगळ्या कागदावर ही स्वतःच एक सरळ रेषा झाली. दुसरा ठिपका आपली दुसरी रेषा काढतो, तिसरा तिसरी, आणि मूळ चित्रात जे ठिपके एका रेषेवर असतात त्यांच्या या नव्या रेषा एकाच बिंदूत मिळतात. तो मिळण्याचा बिंदू म्हणजेच शोधलेल्या रेषेचे म आणि क.

आता माझे परीक्षेतले दोन ठिपके तेथे घालून पाहा. (३, −२) ची रेषा क = −२ − ३म, (३, ५) ची क = ५ − ३म. दोघींचा चढ −३, म्हणजे त्या समांतर आहेत आणि कधीच मिळणार नाहीत. रेषा जितकी उभी होत जाते तितका म वाढत जातो, कागद कितीही मोठा घेतला तरी पुरत नाही, आणि संगणकाच्या स्मृतीला तर काठ असतोच. १९७२ मध्ये रिचर्ड डुडा आणि पीटर हार्ट यांनी म आणि क सोडून लंबाचा कोन आणि लंबांतर घेतले, म्हणजे आमच्या चौकटीतले पाचवे सूत्र. कोन ० ते १८० अंशांच्या आत राहतो, अंतर चित्राच्या आकाराबाहेर जात नाही, आणि प्रत्येक ठिपक्याची आता सरळ रेषा न होता लाटेसारखा वक्र होतो. (३, −२) चा वक्र प = ३ कोसाइन थीटा − २ साइन थीटा, (३, ५) चा प = ३ कोसाइन थीटा + ५ साइन थीटा. कोन शून्य घेतला की साइन शून्य, कोसाइन एक, आणि दोन्हीकडे प = ३. लंब आडवा, अंतर ३, रेषा उभी: क्ष = ३.